95 टक्के नेम आणि तरीही हुकलेली गोळी

'एक्सकॉम' हा संगणकीय खेळ ज्युलियन गॉलप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये घडवला आणि 2012 मध्ये फिरॅक्सिस कंपनीने तो नव्याने रचला. परग्रहावरून आलेल्या आक्रमकांपासून पृथ्वी वाचवायची, एवढेच त्याचे कथानक. परंतु खेळाडूला वर्षानुवर्षे धरून ठेवतो तो, माझ्या मते, गोळी झाडण्यापूर्वी पडद्यावर उमटणारा टक्क्यांचा आकडा.

2012 च्या आवृत्तीत हा हिशेब उघड असतो. नवख्या सैनिकाचा नेम 65. शत्रू अर्ध्या आडोशाला असेल तर त्यातून 20 वजा, पूर्ण आडोशाला असेल तर 40. अंतराचा परिणाम बाजूला ठेवला, तर भिंतीआडच्या शत्रूला गोळी लागण्याची शक्यता उरते अवघी 25 टक्के. वळसा घालून बाजूने गेले की आडोशाचा फायदा संपतो, पण वळसा घालणारा स्वतःच उघड्यावर पडण्याचा धोका असतो. ग्रेनेड हुकत नाही, मात्र तो मोजकाच मिळतो. मेलेला सैनिक परत येत नाही.

खरी गंमत आहे ती आकडा वाचणाऱ्या मेंदूत. 95 टक्के दिसले की आपण ते 'नक्की' असे वाचतो. प्रत्यक्षात अशा 20 गोळ्या झाडल्या, तर त्यांतील किमान एक हुकण्याची शक्यता सुमारे 64 टक्के असते. फिरॅक्सिसचे सिड मायर यांनी 2010 मधील एका भाषणात सांगितले होते, की तीनास एक असे पारडे जड असताना हरलेल्या खेळाडूंना तो अन्याय वाटे. 'एक्सकॉम'च्या सोप्या पातळ्यांवर म्हणूनच खेळाडूला छुपी मदत मिळते. कठीण पातळीवर ती बंद होते, आणि मला तीच पातळी अधिक प्रामाणिक वाटते.

अनिश्चिततेची ही ओढ निव्वळ हौस नसावी. फिओरिलो, टोब्लर आणि शुल्ट्झ या संशोधकांनी 2003 मध्ये माकडांवरील प्रयोगांत दाखवले, की बक्षिसाची वाट पाहताना डोपामाइन (मेंदूतील बक्षिसाशी निगडित रसायन) स्रवणाऱ्या पेशींची हळूहळू चढत जाणारी सक्रियता शक्यता निम्मी-निम्मी असताना सर्वाधिक असते. माणसाच्या खेळाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही, पण दिशा सुचते.

शिवाय हा खेळ पाळीपाळीने चालतो. ठाण्याहून सीएसएमटीकडे निघालेल्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर कसेबसे टेकून तो फोनवर खेळता येतो, आणि दादरला उतरणाऱ्यांची रेटारेटी सुरू झाली की मध्येच थांबवताही येतो. शत्रू आपल्या चालीची वाट पाहत राहतो. प्रतिक्षिप्त हालचालींचा वेग वयानुसार मंदावतो, पण येथे त्याची गरजच नसल्याने निवृत्तीला आलेला कारकून आणि रुपारेलचा विद्यार्थी अगदी बरोबरीने खेळू शकतात.

दोघांनाही शिकावा लागतो तो क्रम. समजा, दोन सैनिकांचा नेम प्रत्येकी 65 टक्के आहे आणि शत्रूला एक गोळी पुरेशी आहे. दोघांनी गोळी झाडल्यास तो टिपला जाण्याची शक्यता जवळजवळ 88 टक्के होते. मुरलेला खेळाडू तरीही उरलेल्या 12 टक्क्यांचा विचार आधी करतो: दोघेही आडोशाला आहेत ना, हे पाहतो, ग्रेनेडवाल्या तिसऱ्याची चाल हातची राखून ठेवतो आणि मगच पहिली गोळी झाडतो.