गिरणगावातील भाड्याची दरी

लोअर परळमध्ये फिनिक्स मिलची चिमणी अजून उभी आहे, मात्र तिच्या पायथ्याशी आता मॉल आहे. श्रमिकांच्या वस्तीत पैसेवाला वर्ग येतो, जागांचे भाव चढतात आणि जुन्या रहिवाशांना तिथे राहणे परवडेनासे होते, या प्रक्रियेला 'जेंट्रिफिकेशन' म्हणतात. लंडनमधील कामगार वस्त्या मध्यमवर्गाच्या हाती जाताना पाहून समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ साली हा शब्द वापरात आणला.

हे का घडते, याचे मला सर्वांत पटणारे उत्तर भूगोलतज्ज्ञ नील स्मिथ यांनी १९७९ मध्ये दिले. जमिनीतून आज मिळणारे उत्पन्न आणि तीच जमीन दुसऱ्या कामाला लावल्यास मिळू शकणारे उत्पन्न यांतील अंतर म्हणजे 'भाड्याची दरी'. इमारतींची डागडुजी थांबली की पहिले घटते, शहर वाढत असल्यामुळे दुसरे वाढत राहते, आणि दरी पुरेशी रुंदावली की भांडवल तिकडे वळते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे २.५ लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, तिच्याखालची जमीन मात्र शहराच्या ऐन मध्यावर होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने पुनर्विकासाला निघालेल्या गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे केले होते: मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. दरी बाजाराने रुंदावली हे खरे, पण तिच्यातला पैसा कोणाच्या पदरात पडावा हे नियमांनी ठरवले. म्हणून या बदलाला शहराची नैसर्गिक वाढ म्हणणे मला मान्य नाही.

कामगार गेले तशा त्यांना जेवू घालणाऱ्या बायकांच्या खाणावळीही बसल्या. चाळींचे मात्र वेगळे होते, कारण पागडीच्या, म्हणजे एकरकमी रक्कम देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या खोलीला भाडे नियंत्रण कायद्याचे कवच होते. पुनर्विकासात अशा भाडेकरूला टॉवरमध्ये मालकीचे घर मिळते, परंतु त्याबरोबर लिफ्ट, पाण्याचे पंप आणि सुरक्षारक्षक यांचा दरमहाचा मेंटेनन्सही येतो, आणि तो चाळीच्या नाममात्र भाड्याच्या कितीतरी पट असतो. तुटपुंज्या पेन्शनवर जगणारे कुटुंब काही वर्षे तग धरते आणि मग घर विकून विरारला किंवा डोंबिवलीला जाते. कागदोपत्री मात्र ही स्वखुशीने केलेली विक्रीच ठरते.