समुद्रावर जाताना टॉवेल नको, पंचा घ्या

पावसाळ्यात मुंबईच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. तारकर्लीला दोरीवर टाकलेल्या हाफपँटचंही तेच होतं. दुपारी ती कडक वाळते, आणि रात्री हात लावावा तर दमट, चिकट.

हवेची सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांवर गेली की साधं मीठही हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. समुद्राच्या पाण्यात जोडीला मॅग्नेशियम क्लोराइड असतं. ते साधारण 33 टक्के आर्द्रतेलाच पाणी ओढून विरघळू लागतं. किनाऱ्यावरची हवा एवढी कोरडी क्वचितच असते. लिटरभर समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे अर्धा लिटर पाणी प्यायलेला टर्किश टॉवेल तसाच वाळवला तर साधारण साडेसतरा ग्रॅम क्षार त्यातच राहतात. तो पुरता वाळणार कसा? मग 'असू दे' म्हणत जादा जोड भरले जातात आणि बॅग फुगते.

म्हणून कपडे आधी गोड्या पाण्यात खळबळून काढा. अर्धी बादली, दोनदा, दुसऱ्यांदा ताजं पाणी घेऊन. पिळून झाल्यावर कोरड्या पंच्यावर पसरा, दोन्हींची मिळून घट्ट सुरळी करा आणि पीळ द्या. बरंचसं पाणी पंच्यात उतरतं. मग कपडा उलटा करून पंख्याखाली टांगा. कमरेची पट्टी आणि खिसे सगळ्यात शेवटी वाळतात, ते बाहेर काढून ठेवा. बंद बाथरूममध्ये मात्र नको, तिथली हवा लगेच बाष्पाने भरते. एसीची खोली मिळाली तर उत्तम, एसी हवेतलं पाणी काढून टाकतो.

सुती तंतू पाणी आत शोषतो. पॉलिएस्टर ते बहुतेक धाग्यांमधल्या फटींतच धरतं, म्हणून लवकर वाळतं. (घामाचा वास मात्र त्यालाच जास्त धरतो.) पंचा सुतीच, पण पातळ आणि टर्किश टॉवेलसारखे धाग्यांचे फास नसलेला, त्यामुळे पाणी कमी धरतो. जीन्स घरीच बरी. तीन दिवसांना अंगावरचा एक आणि बॅगेतले दोन जोड पुरतात.

त्यातला एक शर्ट उन्हापासून अंग झाकायला पूर्ण बाह्यांचा, गडद पॉलिएस्टरचा असावा. सनस्क्रीनचा एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचा आकडा) मोजतात तो दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम थर देऊन; त्या हिशेबाने प्रौढ माणसाच्या सर्वांगाला एका वेळी 30 ग्रॅमच्या वर लागतं, आणि उन्हात दर दोन तासांनी परत. हात-पाठ शर्टाने झाकली की उरतात चेहरा, मान, कान, पंजे, पावलं. पातळ पांढरा सुती टी-शर्ट या कामाचा नाही. भिजला की त्यातून अतिनील किरण आणखी आरपार जातात.