तणनाशकाशिवाय पाणतण नियंत्रण

बाहेरून आलेल्या आणि तळी, नद्या, कालवे व्यापून टाकणाऱ्या पाणवनस्पतींना रासायनिक फवारणी न करता आटोक्यात ठेवायच्या पद्धतींना मिळून हे नाव आहे. यात हाताने उपटणं, मशीनने काढणं, तळाला अंथरूण घालणं, पाण्याची पातळी खाली आणणं, कीटक किंवा मासे सोडणं, आणि मुळात पाण्यात येणारं खत-सांडपाणी थांबवणं असं सगळं येतं. "आटोक्यात" हा शब्द मुद्दाम वापरलाय, कारण समूळ नायनाट फार क्वचित होतो, आणि झालाच तर तण नवीन असताना, अगदी छोट्या जागेत.

कुठली पद्धत चालेल हे तण वाढतं कसं त्यावर ठरतं. जलपर्णी मूळची अॅमेझॉन खोऱ्यातली, पाण्यावर तरंगते, आडव्या धुमाऱ्यांनी पसरते आणि पोषक पाण्यात एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते, शिवाय तिचं बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं. हायड्रिला तळाला रुजतो, त्याच्या गाठी चिखलात लपून बसतात आणि कांडीचा पेर असलेला छोटा तुकडासुद्धा नवं रोप होतो. म्हणजे हायड्रिलावर नुसतं कटर फिरवलं आणि तुकडे गोळा केले नाहीत तर ती एक प्रकारे लागवडच झाली. म्हणून कापणाऱ्या मशीनला माल उचलणारा पट्टा हवाच आणि कामाच्या जागेच्या खालच्या अंगाला जाळी किंवा तरंगता अडथळा लावतात. पाणबुड्याने मुळासकट उपटून पाइपने ओढून घेणं हे हळू काम आहे पण छोट्या पॅचसाठी सगळ्यात स्वच्छ.

जलपर्णी काढताना दुसरीच अडचण येते, तिच्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणजे ट्रक भरभरून आपण बहुतेक पाणीच वाहून नेतो. आधी काठावर निथळू द्यायची, मग कंपोस्ट किंवा बायोगॅसला. पण काठाला अगदी लागून ढीग मारला तर पहिल्या मोठ्या पावसात ती परत पाण्यात जाते, हे बघूनही लोक तिथेच ढीग मारतात! विकून खर्च निघेल हा हिशोबही सहसा जमत नाही.

कीटकांचा प्रकार सगळ्यात रंजक आहे आणि सगळ्यात संयमाचाही. जलपर्णीवर निओकेटिना जातीचे जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीचे सोंडकिडे सोडतात. पानावर नखाने खरवडल्यासारखे चौकोनी डाग दिसले की समजायचं ते लागलेत, पण खरं नुकसान अळ्या करतात, देठ पोखरतात, आत पाणी शिरतं, कूज लागते आणि रोप बुडायला लागतं. याला काही वर्षं लागतात. साल्व्हिनिया या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्याची गोष्ट तर सांगायलाच हवी. आधी या तणाला दुसरीच जात समजून त्या जातीवरचा भुंगेरा आफ्रिकेत सोडला, काही उपयोग झाला नाही. १९७२ मध्ये ही वेगळी जात आहे हे नोंदवलं गेलं आणि पुढे आग्नेय ब्राझीलमध्ये तिचं मूळ घर सापडलं. तिथला जेमतेम २ मिलिमीटरचा भुंगेरा १९८० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मूनडारा तलावात सोडला, तर वर्षभरात थोड्या पुढेमागे सुमारे २०० हेक्टरवरचा थर जवळपास संपला. पापुआ न्यू गिनीत सेपिक नदीवर मात्र सुरुवातीला भुंगेरे तगेनात, कारण रोपांत नायट्रोजन कमी होता, मग काही जागी चक्क युरिया घालून रोपं पौष्टिक केली तेव्हा कुठे भुंगेऱ्यांनी जोर धरला. तण मारायला आधी तणाला खत! अर्थात असे कीटक आणण्याआधी ते दुसरं काही खात नाहीत ना याच्या कडक चाचण्या होतात आणि सरकारी परवानगी लागते, स्वतः कुठून आणून सोडायचे नसतात.

गवत्या मासा (ग्रास कार्प) हायड्रिला आवडीने खातो, पण जलपर्णीच्या जाड थरापुढे त्याचा उपयोग नाही. जास्त सोडले तर तळ्यातली सगळीच झाडं साफ होतात आणि पाणी हिरवंगार शेवाळी होतं, म्हणून त्यांची संख्या आपोआप वाढू नये यासाठी काही देशांत फक्त वांझ केलेले (ट्रिप्लॉइड, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेले) मासेच सोडायला परवानगी आहे.

तळ झाकायची पद्धत घाट किंवा बोटीच्या धक्क्यापुरती बरी. आयर्लंडच्या लॉख कॉरिब सरोवरात प्लॅस्टिकऐवजी तागाचं कापड अंथरलं, त्याच्या विणीतून स्थानिक वनस्पती वर आल्या, लॅगारोसिफॉन हे तण मात्र दबलं, आणि ताग यथावकाश कुजून गेला. पातळी उतरवून तळ सुकवणं स्वस्त, पण हायड्रिलाच्या गाठी त्यातूनही वाचतात, आणि उघड्या ओल्या गाळावर जलपर्णीचं बी उलट छान उगवतं.

यातलं काहीही केलं तरी नायट्रोजन-फॉस्फरस येतच राहिला तर तण परत येतं किंवा त्याच्या जागी दुसरं येतं. होड्या, जाळी, बूट एका तळ्यातून दुसऱ्यात नेण्याआधी तुकडे काढून, धुऊन, नीट वाळवणं हे सगळ्यात कमी खर्चाचं काम, आणि मत्स्यालयातली उरलेली रोपं ओढ्यात टाकायची नाहीत.