वेलीला शिकवलेला हिवाळा

काटोलजवळ माझ्या मामांची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराची, म्हणजे थंडी सरताना आलेल्या फुलोऱ्याची, फळे उतरली, गाड्या कळमन्याच्या बाजाराकडे गेल्या, की डिसेंबरात ते बागेचे पाणी तोडतात. विहिरीला पाणी असते, शेजारच्या गव्हाला ते जातही असते, पण संत्र्याची झाडे कोरडी ठेवली जातात. पाने मलूल होतात, काही गळतात. याला आमच्याकडे ताण देणे म्हणतात. लहानपणी मला ती झाडांना केलेली शिक्षा वाटायची. मामा म्हणायचे, "झाडाले तहान लागल्याशिवाय थे फुलत नाही, बाबू."

पुढे बऱ्याच वर्षांनी, एका ऑक्टोबरात, दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागेत उभा होतो. पाऊस नुकताच ओसरला होता, वेली हिरव्यागार होत्या आणि माणसे कात्र्या घेऊन तो सगळा हिरवेपणा खाली पाडत होती. मांडवाखाली पानांचा थर साचला होता. मागून दोन बायका हातमोजे घालून, उरलेल्या काड्यांच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून नवी फूट येते त्या कोंबांना, औषधाची पेस्ट लावत येत होत्या. हे कशासाठी, असे विचारल्यावर बागायतदार म्हणाले, "हिवाळा होऊन गेला असं वेलीला वाटायला पाहिजे ना."

काटोलचा ताण आणि दिंडोरीची छाटणी ही एकाच विद्येची दोन रूपे आहेत. भारतात वाइन बनते ती या विद्येच्या जोरावर. आपल्या वाइन उद्योगाबद्दल बोलताना कंपन्या, करसवलती, परवाने यांची चर्चा होते. कात्री चालवणाऱ्या हातांची होत नाही. म्हणून हा इतिहास मला वेलीच्या बाजूने सांगायचा आहे.

वाइनची द्राक्षवेल मूळची थंडीच्या मुलखातली. जॉर्जिया देशात सुमारे ८००० वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांत द्राक्षाच्या वाइनचे रासायनिक अवशेष सापडले आहेत. काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वताच्या त्या प्रदेशात वेलीचे वर्ष ठरलेले असते. थंडी पडली की पाने गळतात, अन्नसाठा खोडात आणि मुळांत उतरतो, डोळे झोपी जातात. पुरेशी थंडी खाऊन झाली की वसंतात सगळे डोळे जवळजवळ एकाच वेळी फुटतात. उन्हाळ्यात मणी भरतात आणि शरद ऋतूत, रात्री थंड होऊ लागल्यावर, फळ पिकते. जगातले जुने वाइन प्रदेश साधारण ३० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यात आहेत, त्याचे कारण हे. नाशिक आहे २० अंशांवर आणि आपले नागपूर २१ अंशांवर. इथे वेलीला झोप येतच नाही. ती वाढत राहते, शेंड्याचा डोळा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो आणि फूट वेडीवाकडी, मागेपुढे होते.

प्राचीन भारताला द्राक्षाची वाइन चांगली ठाऊक होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या, म्हणजे मद्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, प्रकरणात स्वच्छ म्हटले आहे, 'मृद्वीकारसो मधु', म्हणजे द्राक्षाचा रस तो मधु. पुढे त्याची दोन नावे येतात, कापिशायन आणि हारहूरक. ती दोन्ही गावामुलखांवरून पडलेली आहेत. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातल्या बग्रामजवळचे प्राचीन नगर. पाणिनीनेही कापिशीवरून 'कापिशायन' हा शब्द कसा होतो, यासाठी सूत्र दिले आहे. या 'मधु'ला मुलखाचे नाव लावण्याइतका तो मुलूख प्रसिद्ध होता, आणि तो होता हिंदुकुशाच्या पायथ्याचा, जिथे हिवाळा खरा असतो.

दख्खनमध्ये वेल वेगळी वागते, याची एक जुनी आणि माझ्या मते फार मोलाची नोंद आहे. चौदाव्या शतकात मोहम्मद तुघलकाच्या दरबारी राहिलेला प्रवासी इब्न बतूता लिहितो की, दौलताबादेत द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात. त्याला ते नवल वाटले, कारण तो मोरोक्कोचा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही नोंद अगदी अचूक आहे. जिथे हिवाळा वेलीला थांबवत नाही, तिथे ती छाटाल तेव्हा फुटते. सहाशे वर्षांनंतर महाराष्ट्रातल्या बागायतदारांनी याच स्वभावाला शिस्त लावली.

मधल्या काळात इंग्रज अमदानीत एक प्रयत्न झाला. काश्मीरच्या महाराजांनी फ्रेंच जाणकार आणून द्राक्षमळे लावले, आणि १८८३ च्या कलकत्त्याच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात भारतीय वाइन मांडली गेली. पण १८९० च्या दशकात फायलोक्झेरा आला. हा डोळ्यांना जेमतेम दिसणारा, मुळांचा रस शोषणारा अमेरिकी किडा. त्याने १८६० च्या दशकापासून फ्रान्सचे मळेच्या मळे उजाड केले होते. त्यावरचा उपाय नागपूरकराला समजावून सांगावा लागत नाही. अमेरिकेच्या रानवेलींची मुळे या किड्याला दाद देत नाहीत, म्हणून मूळ अमेरिकी वेलीचे घ्यायचे आणि त्यावर युरोपी वेलीचे कलम बांधायचे. आपण संत्र्याचा डोळा जंबेरी किंवा रंगपूर लाईम या लिंबांच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळाच्या झाडावर, भरतो, तसेच. आपल्याकडे खुंट निवडताना डिंक्या रोगाचा विचार होतो, तिकडे किड्याचा झाला. आज नाशिक-सांगलीकडच्या बऱ्याच बागा डॉगरिज या अमेरिकी खुंटावर उभ्या आहेत. तिथे तो निवडला गेला तो मुख्यतः कमी आणि खारट पाण्यात तग धरतो म्हणून.

स्वातंत्र्यानंतर हवा बदलली. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने दारूबंदीची दिशा दाखवली आणि १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला. विदर्भात हा विषय कागदावरचा नाही. नागपूरहून गाडीने दीड-दोन तासांवरच्या वर्ध्यात आजही दारूबंदी आहे, आणि दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहेत. वाइनही दारूच. मद्य कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच जाहीर केले आहे, आणि त्यात वाइनचा अपवाद केलेला नाही. शेतीच्या एका विलक्षण कौशल्याबद्दल लिहिताना हे विसरायचे नाही, असे मी ठरवले आहे.

आता त्या कौशल्याकडे येतो. महाराष्ट्रातली वेल वर्षात दोनदा छाटली जाते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. खरड छाटणीत ओलांड्याजवळ, म्हणजे मांडवावर आडव्या नेलेल्या जाड फांदीजवळ, काड्या कापून टाकतात. मग भर उन्हाळ्यात नव्या काड्या वाढतात आणि पहिल्या दीड-दोन महिन्यांत त्यांच्या डोळ्यांच्या आत, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसेल अशा पातळीवर, पुढच्या पिकाचा निर्णय होतो. डोळ्यात पेशींचा एक इवलासा पुंजका असतो. त्याचा घड होऊ शकतो किंवा बाळी, म्हणजे आधाराला धरायचा तो तणावा. दोन्ही एकाच मुळातून येतात. भरपूर ऊन मिळाले आणि सायटोकायनिन या संप्रेरकाचे पारडे जड झाले, तर घड. ढगाळ हवा, दाट सावली आणि जिबरेलिन हे दुसरे संप्रेरक वाढले, तर बाळी. बागायतदार याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात आणि त्या दिवसांत आभाळाकडे डोळे लावून बसतात. आपल्याला नकोसे वाटणारे मे महिन्याचे ऊन वेलीला घड मोजून देत असते.

मग पावसाळाभर काडी पक्व होते. ऑक्टोबरात घडाचा डोळा नेमका राखून काडी कापतात, पाने काढतात, आणि डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. युरोपात जे काम महिन्यांची थंडी करते, ते हे रसायन काही दिवसांत करते. डोळे झोपेतून उठल्यासारखे एकसाथ फुटतात. हे रसायन विषारी आहे, म्हणून ते हातमोजे. ते शरीरात गेले तर मद्य पचवणारी यंत्रणा मध्येच अडते आणि घोटभर मद्यानेही माणूस गंभीर आजारी पडू शकतो. त्यामुळे ते हाताळणाऱ्याने त्या दिवसांत दारूला शिवायचे नाही, अशी सक्त सूचना असते. वाइनच्या बागेतले सगळ्यात नाजूक काम असे पूर्ण शुद्धीवरच्या माणसाचे आहे.

संत्र्यात हेच काम तहान करते. पाणी तुटले की मुळांकडून अब्सिसिक आम्ल या संप्रेरकाचा निरोप वर जातो, पानांची रंध्रे मिटतात, नवी पालवी थांबते. डिसेंबरची थंडी त्यात भर घालते. मग पाणी सोडले की झाड पालवीबरोबर फुलोरा घेऊन उठते. साधने निराळी, हेतू एक.

या छाटणीच्या ज्ञानावर वाइनची इमारत उभी राहिली. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळती वाइन बनवली आणि ती परदेशी पाठवली. १९८८ साली कंवल ग्रोवर यांनी बंगळूरजवळ नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी फ्रेंच जातींचे मळे लावले. १९९७ च्या सुमारास राजीव सामंत यांनी नाशिकला सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या जाती लावल्या आणि २००० साली त्यांची पहिली वाइन आली. २००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. पुढे २००८ ची मंदी आणि मुंबईवरचा हल्ला यांनी हॉटेलांचा धंदा बसला, द्राक्षे पडून राहिली, आणि अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली उपटून खाण्याची द्राक्षे लावली. वेल उभी करायला वर्षे जातात, उपटायला एक दिवस पुरतो. त्या वर्षांचा हिशेब शेतकऱ्याच्याच खात्यात पडला.

नाशिक आणि नागपूर जवळजवळ एका अक्षांशावर असताना वाइन तिकडे का, याचे उत्तर आम्लात आहे. पिकताना द्राक्षात साखर चढते आणि मॅलिक आम्ल उतरते. हे आम्ल मणी स्वतःच श्वसनात जाळतो, आणि हवा जितकी उबदार, तितके जास्त. आम्ल गेले की वाइन नुसती गोडसर, बेचव, आणि टिकायलाही कच्ची. तापमान ३५ अंशांच्या पुढे गेले की काळ्या द्राक्षांच्या सालीतला रंगही नीट भरत नाही. नाशिकचे पठार सुमारे ६०० मीटर उंच आहे, नंदीचे मळे ९०० मीटरच्या आसपास, आणि नागपूर ३१० मीटर. ऑक्टोबरच्या छाटणीचे फळ जानेवारी ते मार्चमध्ये पिकते, आणि आपल्याकडे मार्च संपताना पारा चाळिशीकडे निघालेला असतो. द्राक्षाला थंडी दुसऱ्यांदा लागते ती तळघरात. यीस्ट साखर खाताना उष्णता सोडते, म्हणून पांढऱ्या वाइनचा रस गार पाणी खेळवलेल्या स्टीलच्या टाक्यांत साधारण १२ ते १८ अंशांवर आंबवतात. नाही तर सुवास उडून जातो.

"मग संत्र्याची वाइन का नाही?" हा प्रश्न नागपुरात हमखास येतो. बनते, पण तिला बरीच मदत लागते. वाइनच्या पिकलेल्या द्राक्षाच्या रसात साखर २२ ते २४ ब्रिक्स, म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण तेवढे ग्रॅम, असते. यीस्टला एका लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेतून १ टक्का मद्य मिळते, म्हणजे द्राक्षातून सुमारे १३ टक्के. संत्र्याचा रस १० ब्रिक्सच्या आसपास, म्हणजे जेमतेम साडेपाच-सहा टक्के. एवढ्यावर तो टिकत नाही, वरून साखर घालावी लागते. द्राक्षातले टार्टारिक आम्ल फारसे कुठलेही जीवाणू खात नाहीत, आणि वाइनचा तोल त्यावर टिकतो. (जॉर्जियातली ती जुनी भांडी ओळखली गेली तीही याच आम्लाच्या खुणेवरून.) संत्र्यातले सायट्रिक आम्ल मात्र काही जीवाणू खातात आणि त्याचा आंबूस वास करून ठेवतात. शिवाय कडूपणा. घरी काढलेला संत्र्याचा रस फ्रिजमध्ये ठेवला की काही तासांनी कडू होतो, हे आपल्याकडे प्रत्येकाला ठाऊक आहे. फोडीच्या पापुद्र्यात आणि बियांत एक बेचव द्रव्य असते. रस काढला की आम्लाशी गाठ पडून त्याचे हळूहळू लिमोनिन होते, आणि लिमोनिन कडू. आंबायला लागणाऱ्या दिवसांत त्याला भरपूर वेळ मिळतो. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आपले संत्रे हातात सोलून खाण्यासाठी घडले आहे, आणि मला त्यात काही उणे वाटत नाही.

यंदा जानेवारीत काटोलला गेलो होतो. नाशिककडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी सुरू झाल्याचे मामांना सांगितले, छाटणीचे आणि त्या पेस्टचेही सांगितले. त्यांनी सगळे लक्ष देऊन ऐकले आणि एकच विचारले, "पाणी केव्हा सोडतेत थे?" मग उठून विहिरीकडे गेले. त्या दिवशी ते ताण तोडणार होते. झाडांभोवती बांगडी पद्धतीची दुहेरी आळी ओढलेली होती, खोडाला पाणी लागू नये म्हणून. मोटर सुरू झाली, पहिल्या आळ्यात पाणी वळले, आणि भेगाळलेली काळी जमीन ते आवाज करत प्यायला लागली.