अमली पदार्थांच्या गुन्ह्यांतील अटकपूर्व जामीन

अमली पदार्थांच्या गुन्ह्यात अटक होईल अशी सकारण भीती असलेल्या व्यक्तीने सत्र किंवा उच्च न्यायालयाकडे आधीच मागितलेले संरक्षण. ‘अटक झालीच तर जामिनावर सोडावे’ असे या आदेशाचे स्वरूप असते. पूर्वी ही तरतूद १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३८ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ मध्ये आहे.

१९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने (कोर्टात सगळे त्याला ‘एनडीपीएस’ म्हणतात) अटकपूर्व जामिनाला थेट मनाई केलेली नाही. मोक्का किंवा अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात तशी मनाई स्पष्ट शब्दांत आहे. इथे अडसर आहे तो १९८९ साली कडक केलेल्या कलम ३७चा. व्यावसायिक प्रमाणातील (म्हणजे प्रत्येक पदार्थासाठी ठरवलेल्या मोठ्या वजनाचा) साठा किंवा तस्करीला पैसा पुरवणे अशा गुन्ह्यांत सरकारी वकिलांना विरोधाची संधी द्यावी लागते. त्यांनी विरोध केला, तर आरोपी दोषी नाही असे मानायला वाजवी कारण आहे आणि सुटल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टी न्यायालयाला पटाव्या लागतात. तपास जेमतेम सुरू झालेला असताना हे पटवणे किती कठीण, ते सांगायला नको.

त्यामुळे बरेचसे पंचनाम्यातल्या वजनावर ठरते. गांजाचे व्यावसायिक प्रमाण २० किलो, हेरॉइनचे २५० ग्रॅम, तर मेफेड्रोन ऊर्फ ‘एमडी’चे अवघे ५० ग्रॅम. त्यापेक्षा कमी माल असेल तर कलम ३७ सहसा आड येत नाही आणि अर्जाचा विचार नेहमीच्या निकषांवर होतो. भेसळ असली तरी वजन सगळ्या मिश्रणाचे धरायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले.

असा अर्ज करणाऱ्याच्या हाती बहुधा माल सापडलेलाच नसतो. ज्याच्याकडे सापडतो तो जागीच पकडला जातो. नाकाबंदीत गाडी अडवली जाते, डिकीत पाकिटे मिळतात, चालक ‘माल अमक्याने दिला’ म्हणतो आणि तो अमका ‘पाहिजे आरोपी’ होतो. कटाच्या कलम २९ खाली त्याच्यावरही तोच गुन्हा लागतो.

तोफान सिंग खटल्यात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक बहुमताने निकाल दिला की, कलम ६७ खाली तपास अधिकाऱ्यापुढे दिलेला जबाब कबुलीजबाब म्हणून वापरता येत नाही. तेव्हा केवळ सहआरोपीने नाव घेतल्यावर संरक्षण सहज मिळेल, असे वाटले होते. पण २०२२ मध्ये हरियाणातील एका प्रकरणात उच्च न्यायालयाने दिलेला अटकपूर्व जामीन सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. तोफान सिंग निकालाचा फायदा नियमित (अटकेनंतरच्या) जामिनाच्या किंवा अंतिम सुनावणीच्या वेळी मागावा, असे त्याचे म्हणणे. म्हणजे जो जबाब खटल्यात टिकणार नाही, तो अटकेपुरता मात्र पुरतो. ही विसंगती खटकणारी आहे. दुसरी बाजूही आहे : फोनचे तपशील, बँकेतले व्यवहार, पुरवठ्याची साखळी हे सगळे तपासाच्या सुरुवातीलाच हाती लागते, आणि त्यासाठी कोठडीतली चौकशी हवी असा पोलिसांचा आग्रह असतो. फोनवरचे संपर्क किंवा पैशांची देवघेव पुढे आली, तर अर्जदाराची बाजू आणखी लंगडी होते.

अर्ज फेटाळला गेला की शरण जाऊन नियमित जामीन मागायचा. तिथेही कलम ३७ उभेच असते, आणि व्यावसायिक प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषारोपपत्रासाठी तपास यंत्रणेला १८० दिवस मिळतात.