‘ओरडली का नाहीस?’ विचारण्याआधी

नाशिकच्या एका नर्सिंग कॉलेजात मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. परवा कॅज्युअल्टीची ड्यूटी करून आलेली एक विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, अत्याचाराची केस होती, पण अंगावर साधा ओरखडा नाही. ओरडलीपण नाही म्हणे.” बोलण्यात शंका होती, आणि आजूबाजूच्या चार-पाच माना डोलल्या.

मग मूत्रपिंड राहिलं बाजूला. मी विचारलं, कोंबडी उताणी दाबून धरली की काय होतं? पेठ-सुरगाण्याच्या मुलींना पुस्तक लागलं नाही. थोडी फडफडते, मग निपचित पडते. हात काढला तरी काही वेळ तशीच, डोळे उघडे. किर्शर नावाच्या विद्वानाने १६४६ सालीच हे लिहून ठेवलंय. आज त्याला ‘टॉनिक इमोबिलिटी’ म्हणतात. आपण ‘जखडणं’ म्हणू. बाईच्या यातनेशेजारी कोंबडी ठेवताना मलाही अवघडतं, पण ही यंत्रणा फार जुनी आहे आणि ती आपल्यातही आहे.

शाळेत आपण ‘लढा किंवा पळा’ एवढंच शिकतो. तिसरी वाट मध्यमेंदूत आहे. तिथे मेंदूतलं पाणी वाहून नेणारी एक बारीक नळी असते आणि तिच्याभोवती करड्या पेशींचा वेढा, पेरिॲक्विडक्टल ग्रे. मेंदूतलं धोका हेरणारं केंद्र म्हणजे अमिग्डाला, त्याच्याकडून धोक्याची वर्दी इथे येते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसतं की या वेढ्याचे पाठीकडचे आणि बाजूचे पट्टे चेतवले तर प्राणी लढतो, पळतो, नाडी धावते. पोटाकडच्या बाजूचा पट्टा चेतवला, की हालचाल थांबते आणि नाडी मंदावते. आवाज काढायला लागणाऱ्या स्नायूंची जुळवाजुळवही याच वेढ्यातून होते! त्यात ताणाच्या वेळी सुटणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिन या रसायनाचा मेंदूत पूर आला, की कपाळामागचा, विचार करून ठरवणारा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स ढिला पडतो. म्हणजे ‘आता ओरडू’ असं ठरवायला तिथे कोणी उरतच नाही.

स्वीडनमध्ये बलात्कारानंतर तातडीच्या केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के जणींनी त्या वेळी बऱ्यापैकी जखडल्याचं सांगितलं. आपल्याकडे २०१३च्या दुरुस्तीपासून कायदाही म्हणतो, की केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरायचं नाही.

घटनेनंतरही काही जणी तासन्‌तास शून्यात बघत बसतात. मग घरचे ‘बाहेरचं लागलं’ म्हणतात आणि भगताकडे नेतात. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. अंगाऱ्यात दोन दिवस गेले तर हातात एकच उरतो. भगतालाच कशाला बोल लावायचा? योनीत दोन बोटं घालून केल्या जाणाऱ्या ‘टू-फिंगर टेस्ट’ला शास्त्रीय आधार नाही, ती अभ्यासक्रमातून काढा, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावं लागलं, तेही शिकल्यासवरल्या डॉक्टरांसाठी.

आता आमच्या वर्गात जोडीजोडीने सराव चालतो. एक नर्स, एक रुग्ण. पडदा ओढायचा, बरोबरच्या नातेवाइकांना बाहेर बसवायचं, हात लावण्याआधी विचारायचं. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न आला की डाव बाद. तारीख-वेळ क्रमाने आठवत नसेल तर दामटायचं नाही. पहिल्या दिवशी सगळ्या जणी मिनिटभरात बाद झाल्या.

नोंदीचाही सराव घेतला. त्याच विद्यार्थिनीने आधी लिहिलं होतं, ‘प्रतिकार केला नाही’. ते खोडून तिने लिहिलं : बाह्य जखमा दिसत नाहीत. रुग्ण सांगते, “हात हलतच नव्हते.”