उन्हातला उजेड आणि उन्हातली ऊब

"गच्चीवर सोलर आहे ना आपल्याकडे, मग लाइट बिल एवढं कसं?"

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत हा प्रश्न दरवर्षी येतो. गच्चीवर आहेत त्या काचेच्या नळ्या आणि त्यांच्यावर आडवी टाकी, म्हणजे उन्हावरचा बंब. तो आंघोळीला पाणी देतो, वीज देत नाही. पण बंबालाही 'सोलर' म्हणायचं आणि पॅनेललाही 'सोलर'च म्हणायचं ठरल्यावर सभेचा निम्मा वेळ त्यातच जातो.

बंबाबद्दल फार सांगत नाही, तो तुम्ही रोज सकाळी वापरता. काळा थर ऊन शोषतो, पाणी तापतं, नळीच्या दोन काचांमधली हवा काढून टाकलेली असते म्हणून ऊब बाहेर पळत नाही. पॅनेल चपटं असतं, त्यातून वायर निघते; बंबातून पाइप निघतो. एवढं दिसलं की फरक कळला असं लोकांना वाटतं. इथेच घोटाळा आहे, आणि त्यात थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे.

मराठीत ऊन म्हणजे उजेडही आणि उष्णताही. पापड उन्हात घालतो, डोळ्यावर ऊन येतं, आणि ऊन ऊन वरणभातही खातो. त्यामुळे 'उन्हावर चालतं' म्हटलं की डोळ्यांसमोर तापलेला पत्राच येतो. पॅनेल तापतं म्हणून वीज देतं, ही समजूत मी इंजिनियर झालेल्या लोकांकडूनही ऐकली आहे.

पॅनेलला हवा असतो फक्त उजेड. प्रकाश सिलिकॉनवर पडतो, तिथले इलेक्ट्रॉन सुटे होतात, ते वायरीतून वाहतात. उष्णतेचं या कामात योगदान शून्य, उलट अडथळाच. पॅनेलच्या पाठीवर जो वॅटचा आकडा छापलेला असतो तो २५ अंशांना मोजलेला असतो, आणि तेही हवेचं नव्हे, सेलचं, म्हणजे पॅनेलमधल्या सिलिकॉनच्या चकतीचं, स्वतःचं तापमान. त्याच्यावर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के वीज कमी होते. मे महिन्यात अकोल्याच्या गच्चीवर भर दुपारी सेल ६५ अंशांवर सहज जातो. म्हणजे ४० अंश जादा, म्हणजे जवळजवळ १६ टक्के गेले. ४०० वॅटचं म्हणून घेतलेलं पॅनेल, बाकी सगळं उत्तम असलं तरी, तिथे ३४० वॅटच्या आसपास अडकतं. तेच पॅनेल फेब्रुवारीतल्या स्वच्छ, गार दुपारी खुशीत असतं. लडाखमध्ये तर फारच.

तेव्हा "विदर्भात काय ऊन असतं, तिकडे सोलर जोरात चालत असणार" या वाक्यातलं ऊन उजेडाचं असेल तर ठीक, पाऱ्याचं असेल तर साफ चूक.

म्हणूनच या दोन वस्तूंच्या आवडीनिवडी एकमेकींच्या उलट आहेत. पॅनेलला खालून वारा लागतो, बंबाला वारा चालत नाही. बंब काचेत कोंडायचा, पॅनेल मोकळं ठेवायचं. पत्र्याला चिकटवून बसवलेलं पॅनेल दिसलं की मला शिडी मागवाविशी वाटते. अहो, हात जाईल एवढी तरी फट ठेवा!

आता ज्या बातमीमुळे मी लिहायला बसलो ती. तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलैची विनिशा उमाशंकर. कोळशाच्या इस्त्रीला पर्याय म्हणून तिने सौर इस्त्रीची गाडी मांडली. २०२१ मध्ये ती पर्यावरणाच्या कामासाठी दिल्या जाणाऱ्या अर्थशॉट पुरस्काराच्या अंतिम यादीत होती, त्याच वर्षी ग्लासगोच्या हवामान परिषदेत बोलली. तेव्हा ती शाळेत होती. तिच्याबद्दल अजूनही फिरणारं वाक्य म्हणजे 'सूर्याच्या उष्णतेवर चालणारी इस्त्री'. गाडीच्या छपरावर पॅनेल आहे, त्यावर बॅटरी चार्ज होते, बॅटरीवर इस्त्री चालते. उष्णता येते ती शेवटी, इस्त्रीच्या तळाशी. पाच तासांच्या चांगल्या उन्हात सहा तासांची इस्त्री, असा तिचा हिशेब आहे.

यावर एक शहाणा प्रश्न येतो: शेवटी उष्णताच हवी, तर उजेडाची वीज आणि विजेची उष्णता हा द्राविडी प्राणायाम कशाला? सरळ उन्हातच इस्त्री तापवावी. प्रश्न चांगला आहे. सुती कापडाला दीडशे-दोनशे अंश लागतात. काचेचं झाकण लावलेली काळी पेटी भाताला पुरते, इस्त्रीला नाही. त्यापुढे जायचं तर आरशांनी ऊन एका जागी गोळा करावं लागतं. शिर्डीच्या प्रसादालयावर २००९ मध्ये बसवलेल्या ७३ तबकड्या तेच करतात, त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि वाफेवर तिथला स्वयंपाक होतो. पण इस्त्रीवाला काही तबकडी घेऊन गल्लोगल्ली फिरणार नाही. तो झाडाच्या सावलीत उभा असतो, आणि गिऱ्हाईक कपडे टाकतं संध्याकाळी. तापमान जास्त, जागा बदलती, वेळ ऊन गेल्यावरची. इथे वीजच हवी, वाटेत कितीही सांडली तरी.

आणि सांडते भरपूर. भर दुपारी एक चौरस मीटरवर सुमारे हजार वॅटचं ऊन पडतं, त्यातले चांगलं पॅनेल दोनशेच्या आसपास वीज करतं. तेवढ्यातून हजार वॅटची इस्त्री चालवायची तर बॅटरी का लागते ते कळेल.

याच्या दुसऱ्या टोकाला आपल्याकडच्याच पोरांचं काम आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या वैभव तिडके आणि त्याच्या मित्रमैत्रिणींनी शेतमाल वाळवण्याचं यंत्र केलं. त्यांची एस फोर एस ही कंपनी २०२३ मध्ये अर्थशॉटची विजेती ठरली. त्यांच्या वाळवणी यंत्राला वीज लागत नाही. कांद्याच्या चकत्यांना पन्नास-साठ अंशांची ऊब पुरते, ती काळ्या पृष्ठभागावरून थेट मिळते, आणि काचेखाली असल्यामुळे धूळ आणि माशा बाहेरच राहतात. इथे कुणी पॅनेल लावून त्यावर हीटर चालवला असता तर पाच भाग उन्हातले चार आधीच घालवले असते. तसले प्रकल्प मी पाहिले आहेत, फार चकचकीत असतात.

माझा कल लपवत नाही: साठ-सत्तर अंशांपर्यंतचं काम असेल, तेही दिवसाउजेडी आणि एकाच जागी, तर पॅनेलचं नावही काढू नये.

उन्हाचं तिसरंही एक काम आहे. बाटलीत पाणी भरून सहा तास उन्हात ठेवतात, त्यात जंतू मरतात, तेही बहुतांशी तापून नव्हे. ते काम अतिनील किरणांचं. अमेरिकेतली दीपिका कुरूप २०१२ मध्ये शाळकरी शास्त्रज्ञांच्या स्पर्धेत जिंकली ती याच वाटेने, टायटॅनियम डायऑक्साइड या रसायनाला उन्हाची साथ देऊन; भारतात आल्यावर मुलांना घाण पाणी पिताना पाहून तिला ते सुचलं होतं. ऊन तेच, पण ना ऊब ना वीज.

मागच्या हिवाळ्यात एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसलो होतो. एका मुलाने कोल्ड्रिंकचे रिकामे कॅन काळे रंगवून, एकावर एक चिकटवून, काचेच्या पेटीत उभे केले होते. खालून गार हवा आत, वरून गरम हवा बाहेर, तिच्या वाटेवर चाळणीत मेथी. मी वरच्या भोकाशी थर्मामीटर धरला: ५४. बाहेर २९ होते. शेजारच्या टेबलावर सोलर कुकर होता, त्याच्या काचेच्या झाकणावरच पॅनेल चिकटवलेलं, म्हणजे आत जाणारं ऊन निम्मं अडलेलं. पण रंगीत दिवे लुकलुकत होते. पहिला नंबर दिव्यांना गेला. मी दोन मतांनी हरलो.

मेथीवाल्याच्या पेटीवरही एक छोटा बल्ब होता. हा कशाला रे, विचारलं.

"सर, मॅडम म्हणाल्या एक तरी लाव, नाहीतर सोलर वाटणार नाही."

पेटी फिरवून मागून पाहिलं. पेन्सिल सेलवर लावला होता.